किल्ली न फिरवलेला फ्रीज

वैजनाथसरांच्या प्रयोगशाळेत कुलूप नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सत्यशीलाबाईंचं तोंड. आणि तेही त्यांनी तीस वर्षं आपणहून मिटून ठेवलं होतं. बाकी सगळं बंद. रसायनांच्या कपाटाला कुलूप असावं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण या गृहस्थाने खडूच्या डब्यालासुद्धा कुलूप लावलं होतं. गाळणकागदाला कुलूप, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याला कुलूप, आणि हात धुवायचा साबण, अहो साबण, तोही कपाटात कोंडलेला! किल्ल्यांचा जुडगा कमरेला. एवढा डॉक्टरेट झालेला माणूस, पण नगरच्या त्या कॉलेजच्या व्हरांड्यातून चालला की पोळ्याच्या बैलासारखा वाजायचा. पोरं आवाजावरूनच ओळखायची आणि वह्या उघडून बसायची.

सत्यशीलाबाई त्याच प्रयोगशाळेतल्या परिचर. काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची, बर्फ आणायचा, सरांचा चहा आणायचा, आणि चहात साखर कमी पडली तर बोलणी खायची. पोरं त्यांना मावशी म्हणत. त्यांचं गाव शनिशिंगणापूर. तिथल्या घराला चौकट असते, कवाड नसतं; कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी लावली की झालं. हल्ली लॉजवाल्यांनी दारं बसवली आहेत आणि बाईंना त्या लॉजवाल्यांची भारी चीड. त्यांचा भाऊ अजिनाथ, त्याच्या घराला मात्र अजून कवाड नाही. अशा घरात साठ वर्षं काढलेल्या बाईच्या हाताला किल्ली कशी ठाऊक असणार? कुलूप लावायचं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणायचं, असं त्यांना मनापासून वाटे. तीस वर्षं त्या शिंगणापूरहून जीपने घोडेगाव आणि तिथून एसटीने नगर अशा ये-जा करत होत्या. जिल्ह्याचं नाव बदललं, बोर्ड बदलले, कंडक्टर मात्र अजून ‘नगर, नगर’ म्हणूनच ओरडतो.

आता त्यांच्या हाताचं सांगितलं पाहिजे. एकोणिसाव्या वर्षी बाई नागापूरच्या एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला होत्या. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. मालकाने आणलेल्या डॉक्टरने नीट बघितलंसुद्धा नाही, कागदावर लिहून टाकलं, ‘हात निकामी.’ तो कागद बाईंच्या आधी गावात पोचला. ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की निकामी हाताची पोरगी आमच्या काय कामाची. त्या निकामी हाताने बाईंनी दहा वर्षं भावाच्या रानात खुरपलं आणि मग अपंगांच्या कोट्यातून कॉलेजात चिकटल्या. पौष-माघाच्या थंडीत ती दोन बोटं काठीसारखी ताठ होत. ऊन चढलं की सुटत. मग त्याच हाताने बाई दिवसाला दोनशे परीक्षानळ्या धूत, आणि तीस वर्षांत त्यांच्या हातून फुटलेल्या नळ्या सरांच्या हातून फुटलेल्यांपेक्षा कमीच असतील.

बाईंजवळ मिरवण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे त्यांचं सेवापुस्तक. तीस वर्षांत एकही लाल शेरा नाही. ऑफिसातला क्लार्क म्हणायचा, “मावशी, एवढं स्वच्छ पुस्तक प्राचार्यांचंसुद्धा नसंल.” बाई वरकरणी हात झटकायच्या, पण पोटात आनंद मावायचा नाही. एकदा निकामी म्हणून कागदावर चढलेल्या बाईला, शेवटचा कागद तरी स्वच्छ घेऊन घरी जायचं होतं. एकतीस जुलैला निवृत्ती. चारच महिने राहिले होते.

त्या वेळी प्रयोगशाळेत अश्विनी नावाची मुलगी पीएचडी करत होती. कर्जतची, शेतकऱ्याची पोर, हुशार आणि भिडस्त. या दोन गोष्टी एकत्र आल्या की सरांसारख्यांचं फावतं. तिचा विषय मलेरियाचा. डास चावतो, जंतू रक्तात शिरतो, आणि तिथं बसून हा हरामखोर फक्त साखर फोडून जगतो. साखरेवर जगणारे आपल्या जिल्ह्याला काही नवे नाहीत, तेव्हा बाईंना हे लगेच समजलं. जंतूकडे साखर फोडायला जी हत्यारं असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. त्यातलं एक अश्विनीने निवडलं होतं. ते बंद पाडता आलं तर जंतू उपाशी मरेल, असा हिशोब.

“मावशी, हे एन्झाइम म्हणजे दोन सारखे तुकडे,” नळ्या धुताना अश्विनीने त्यांना सांगितलं होतं. “एकटा तुकडा काही कामाचा नाही. दोघं घट्ट धरून राहिले तरच काम होतं.”

“फुगडीवानी?”

“हां, अगदी फुगडी! प्रत्येक तुकडा म्हणजे अडीचशे मण्यांची माळ, गुंडाळी होऊन बसलेली. जिथं हातात हात आहे ना, तिथला एक मणी मी बदललाय. आता पकड सैल झाल्यावर काय होतं ते बघायचं.”

काय होतं ते बघायला एक यंत्र होतं. एन्झाइम जिवंत असेल तर पडद्यावरची रेष खाली उतरत जायची. मेलेलं असेल तर रेष सपाट. मूळ एन्झाइमची रेष भराभर उतरायची. मणी बदललेल्याची सपाट. दहा वेळा बघितलं, दहाही वेळा सपाट. सरांना काय, तेवढंच हवं होतं! त्यांनी लगेच टिमकी वाजवायला घेतली. एक मणी बदला, एन्झाइम निकामी! पुण्यात भाषण, संभाजीनगरात भाषण, आणि लेख लिहून तयार, त्याच्या मथळ्यातच तो शब्द, ‘निकामी’. अश्विनीने एकदा दबकत विचारलं, “सर, हे नक्की मेलंय का, की नुसते तुकडे सुटलेत?” त्यावर सर म्हणाले, “प्रश्नच विचारायचे असतील तर पत्रकार व्हा.” वर स्वतःच हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

नमुने ठेवायचा फ्रीज जुनाट. रबर झिजलेलं, त्यामुळे दार लोटलं तरी हळूहळू परत उघडायचं. किल्ली फिरवली तरच बंद राहायचं. नवा फ्रीज मागवायला सरांना सवड नव्हती, भाषणं होती ना! किल्ली रोज अश्विनी फिरवायची. बाई त्या किल्लीला कधी हात लावत नसत.

मार्चच्या अखेरीला शनिवारी शनिअमावास्या आली, रविवारी पाडवा, सोमवारी ईद. जोडून तीन दिवस. अश्विनी शुक्रवारीच कर्जतला गेली. सर कुठल्याशा परिषदेला. शनिवारी सकाळी बाईंनी सणाची साफसफाई म्हणून ऑफिसातल्या क्लार्ककडून फ्रीज उघडून घेतला, आतून-बाहेरून लखलखीत पुसला, नळ्या होत्या तशा ठेवल्या, दार लोटलं आणि अमावास्येच्या गर्दीत गाडी मिळायची नाही म्हणून लगबगीने निघाल्या. किल्ली परत फिरवायची असते, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दार लोटलं, झालं. शिंगणापुरात तर लोटायलाही दार नसतं.

मंगळवारी सकाळी फ्रीज सताड उघडा. खाली पाण्याचं तळं. नगरचा मार्चअखेरचा उन्हाळा, बंद खोली, आणि नळ्या तीन दिवस त्या उकाड्यात.

सर आले आणि असे कडाडले की खालच्या मजल्यावरचं लेक्चर थांबलं. “दोन वर्षांचं काम! दोन वर्षांचं! कुणी ठेवला उघडा?”

“मी, सर,” बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नाही.

“दारं नसलेल्या गावातून माणसं घेतली की हे असं होणार! ओता सगळं मोरीत!” आणि जुडगा खुळखुळवत सर आपल्या खोलीत गेले.

अश्विनी भिंतीला टेकून रडत होती. बाईंनी नळ्यांचा ट्रे उचलला, मोरीपर्यंत नेला आणि तिथं थांबल्या. न बघता निकामी म्हणायचं आणि फेकून द्यायचं, हे त्यांनी एकदा अंगावर घेतलं होतं.

“अश्विनी, एकदा मशीनवर लावून तरी बघ की.”

“काय बघू मावशी? जे मेलेलं होतं ते आणखी सडलं असणार.”

“ह्या नळ्या तू कायम बर्फातच ठिवती ना? काढली की लगीच मोजती?”

“हो. बर्फातच ठेवायचं असतं.”

बाईंनी आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. “थंडीत माझी ही बोटं बघितली न्हाईस का तू? वळत न्हाईत. तवा मला कुनी फुगडीला बोलावलं तर माझा हात सुटंलच. म्हनून काय मी मेले? बाजूला उभी ऱ्हाते. ऊन लागलं का परत धरते. आन तो जंतू तापातल्या मानसाच्या रगतात ऱ्हातो म्हनतीस, मग त्याचं हत्यार बर्फात घालून कशापायी तपासता गं?”

अश्विनीचं रडणं थांबलं. तिने बाईंकडे असं पाहिलं की बाईंनाच वाटलं, आपण काहीतरी भलतंसलतं बोललो. मग तिने डोळे पुसले, मणी बदललेल्या एन्झाइमची नळी उचलली आणि यंत्रावर लावली.

रेष उतरली. सरळ खाली, मूळ एन्झाइमपेक्षा जरा हळू, पण उतरत गेली. अश्विनीने तोंडावर हात धरला. मग तीच नळी बर्फात घातली, दुपारपर्यंत ठेवली आणि पुन्हा लावली. सपाट. परत तासभर बाहेर ठेवली. रेष खाली! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाई रोज शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. बदललेल्या मण्याने एन्झाइम मेलंच नव्हतं; त्याची पकड सैल झाली होती एवढंच, आणि ती थंडीत सुटत होती, उबेत परत जुळत होती. सरांनी गावोगाव जे मेलं म्हणून सांगितलं, ते बर्फाने आखडलं होतं.

अश्विनी वही घेऊन सरांकडे गेली. सरांनी वही उघडून पाहिली नाही.

“सडलेल्या मालावर केलेला प्रयोग हा प्रयोग नसतो. आणि माझा लेख छापायला गेलाय, कळलं का?”

मग त्यांनी बाईंना आत बोलावलं आणि एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईंनी तो सावकाश वाचला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे फ्रीजमधील सर्व नमुने निकामी झाले. सबब ते टाकून देण्यात यावेत.’ खाली सहीसाठी जागा.

“सही करा,” सर आवाजात मध कालवून म्हणाले. “कागद माझ्या ड्रॉवरमध्ये कुलुपात राहील. सेवापुस्तकापर्यंत जाणार नाही. शब्द देतो. नाही केलीत, तर उद्या मला प्राचार्यांकडे तक्रार करावी लागेल. मग लाल शेरा ठरलेला. जाता जाता कशाला डाग लावून घेता?”

बघा म्हणजे! सही केली की पुस्तक स्वच्छ, आणि अश्विनीच्या रेषा कचऱ्यात, कारण निकामी मालावरची रेष कोण मोजतं? सही नाही केली तर तीस वर्षांच्या पुस्तकावर शेवटच्या पानाला डाग. माणसाला कुठं धरावं, हे या गृहस्थाला बरोबर कळत होतं. एन्झाइमला कुठं धरावं तेवढं कळत नव्हतं.

बाई म्हणाल्या, “उद्या सांगते.” एसटीत बसल्या आणि जेऊर येईपर्यंत पदर तोंडाला लावून रडल्या. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का? बाईंनी नकारार्थी मान हलवली. घरी अजिनाथने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “करून टाक अक्का सही. चार म्हैन्यांचा तर सवाल हाय. त्या पोरीचं ती बघंल.”

“करते सही,” बाई म्हणाल्या. “पन त्या शब्दावर न्हाई करनार.”

सकाळी कॉलेजात त्या प्रयोगशाळेत गेल्याच नाहीत. सरांचा टाईप केलेला कागद त्यांनी परत केला नव्हता. एप्रिल लागला होता, बोटं चांगली वळत होती. त्यांनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो कागद पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: ‘फ्रीजची किल्ली मी फिरवली नाही. चूक माझी आहे. नमुने निकामी झाले नाहीत. तीन दिवस मशीनवरची रेष मी डोळ्यांनी पाहिली आहे. ते टाकू नयेत.’ खाली सही. तीस वर्षं कॉलेजात काढल्यावर एक गोष्ट शिपायालाही कळते: ज्या कागदावर आवक क्रमांक नाही, तो कागद कुणीही फाडू शकतो. बाई थेट आवक-जावकच्या टेबलावर गेल्या, क्लार्ककडून शिक्का मारून घेतला, क्रमांक घालून घेतला आणि मगच प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या. सर आधीच तक्रार घेऊन तिथं बसले होते.

प्राचार्यांनी कागद वाचला, उलटला, सरांचं टाईप केलेलं वाचलं, पुन्हा उलटला.

“या बाईला रेषेतलं काय कळतं?” सर ओरडले.

“वर गेली का खाली गेली, एवढं कळतं सर,” बाई म्हणाल्या. “हिरीचं पानी बघत मोठी झाले मी. पानी हाय का न्हाई ते हिरीत डोकावून सांगावं लागतं. वरनं झाकन लावून सांगता येत न्हाई.”

प्राचार्य काही शूर माणूस नव्हते. पण शिक्का बसला होता, दोन्ही बाजू एकाच कागदावर होत्या आणि उद्या विद्यापीठातून कुणी विचारलं तर आपल्या गळ्याशी येईल, एवढं त्यांना कळलं. त्यांनी हुकूम दिला की अश्विनीने नवा माल बनवावा आणि प्रयोग पुन्हा करावा. तोवर लेख थांबवावा. आणि बाईंनी चूक स्वतःच लिहून दिल्यामुळे, त्यांच्या सेवापुस्तकात नोंद घ्यावी. क्लार्कने लाल शाईचं पेन काढलं तेव्हा त्याच्याने दोन मिनिटं लिहवेना. ‘निष्काळजीपणा. फ्रीज उघडा ठेवला.’ बाई समोर उभ्या राहून बघत होत्या. “अक्षर बरं काढ रे,” एवढंच म्हणाल्या.

नवा माल तयार झाला. बर्फात सपाट, उबेत खाली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

आणि आता या गृहस्थाची खरी कला बघा. जून उजाडेपर्यंत सरांनी अशी काही कोलांटी मारली की सर्कशीतला माणूस लाजेल. ‘निकामी’ हा शब्द त्यांच्या तोंडातून नाहीसाच झाला. म्हणे, मला पहिल्यापासून थंडीची शंका होतीच! म्हणे, मुद्दाम तापमान वाढवून पाहायचं मीच सुचवलं! स्थानिक पेपरात फोटो आला, ‘उबेत जागं होणारं एन्झाइम, नगरच्या संशोधकाची कामगिरी’. फोटोत सर यंत्राशेजारी हात ठेवून उभे. ते यंत्र चालू कुठून करायचं हे त्यांना अश्विनीला विचारावं लागलं होतं. नव्या लेखावर पहिलं नाव सरांचं, दुसरं त्यांच्या पुण्यातल्या मित्राचं, ज्याने ती नळी जन्मात पाहिली नव्हती. तिसरं अश्विनीचं. अश्विनी तक्रार तरी कशी करणार? तिची पीएचडीची कागदपत्रं सरांच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि ड्रॉवरला कुलूप होतं.

एकतीस जुलैला बाईंचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, गुलाबाचा हार, आणि सरांचं भाषण. सर म्हणाले, “मावशींनी एकदा फ्रीज उघडा ठेवला, आणि आमच्या संशोधनाला दिशा मिळाली! पण सवय ती सवय. तेव्हा ही माझ्याकडून छोटीशी भेट, आठवण म्हणून.” आणि खोक्यातून त्यांनी एक जाडजूड, चकचकीत पितळी कुलूप काढलं, किल्लीसकट. सगळा हॉल हसला. प्राध्यापक हसले, पोरं हसली, प्राचार्यसुद्धा हसले. खरं तर असल्या विनोदावर हसणाऱ्यांच्या मुस्काटात द्यायला हवी.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कुलूप हातात घेऊन त्यांनी वजन बघितलं. ती दोन्ही बोटं त्याच्याभोवती घट्ट वळलेली होती.

“लई चांगलं कुलूप हाय, सर,” त्या माईकजवळ न जाताच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “पन आमच्या घराला कवाड न्हाई. लावू कुठं? आमच्या गावाला असलं काय लागत न्हाई. इथं लागतं, ते मला ह्या चार म्हैन्यांत समजलं.”

मग त्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या अश्विनीपाशी गेल्या. अश्विनीच्या मांडीवर तिची प्रयोगाची वही होती. बाईंनी कुलूप त्या वहीवर ठेवलं.

“घे, हिला लाव,” त्या म्हणाल्या. “आन किल्ली सरांना दावू नको.”